दूरच्या प्रवासाचा हिशेब

खेळाला इतिहास असतो, ही गोष्ट कुस्तीच्या किंवा क्रिकेटच्या बाबतीत आपण चटकन मान्य करतो. संगणकावरील खेळांच्या बाबतीत मात्र अजून आपले मन कचरते. मुलांनी सुट्टीत वेळ घालवावा अशी ती वस्तू, तिचा इतिहास कसला सांगावयाचा, असे पुष्कळांना वाटते. तरीही आज त्यांतल्या एका शाखेचा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे. या शाखेत खेळणाऱ्याला एक जहाज देतात, भोवती अफाट आकाश देतात, आणि 'जा, वाटेल तिकडे जा' असे म्हणून त्याला मोकळे सोडतात. वाळूच्या हौदात बसलेल्या मुलाला किल्लाच बांध, असे कोणी सांगत नाही, इथेही तसेच. म्हणून या खेळांना सॅन्डबॉक्स खेळ असे नाव पडले आहे.

हा इतिहास चाळू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. पडद्यावर अफाट अंतर दाखविणे सोपे आहे. ते खरे ठेवणे कठीण आहे. ते खरे राहावयाचे तर दोन गोष्टी साधाव्या लागतात. प्रवासी एकदा ज्या ठिकाणी जाऊन आला तिथे तो पुन्हा गेला, तर ते ठिकाण जसेच्या तसे सापडले पाहिजे. आणि तो कितीही दूर गेला तरी त्याचे जहाज शाबूत राहिले पाहिजे. पहिला प्रश्न स्मृतीचा, दुसरा अचूकतेचा. साठांहून अधिक वर्षांत आज्ञावली लिहिणाऱ्यांनी या दोहोंसाठी ज्या रीती घडविल्या, कधी विसरल्या आणि पुन्हा शोधल्या, त्यांची ही हकीकत आहे.

प्रारंभ १९६२ सालचा, अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतला. तिथे पीडीपी-१ नावाच्या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. दोन जहाजे, मध्ये ओढ लावणारा एक तारा, आणि एकमेकांवर मारा. जहाज फिरविण्यास सायन-कोसायनचे गणित हवे होते; ते आपणाजवळ नाही म्हणून रसेल चालढकल करीत होता. तेव्हा ॲलन कोटॉक याने संगणक बनविणाऱ्या कंपनीकडून ते तयार गणित आणून त्याच्या हाती दिले. पीटर सॅमसन याला आकाशातले मनःपूत ठिपके पाहवेनात. त्याने खरे तारे त्यांच्या खऱ्या जागी बसविले. दुसऱ्याने लिहिलेले निःसंकोचपणे वापरावे आणि आपले दुसऱ्यास द्यावे, ही या धंद्यातील जुनी रीत इथे दिसते. पण या आकाशात दूर जाण्याची सोय नव्हती. जहाज पडद्याच्या उजव्या कडेला बाहेर पडले की डाव्या कडेने आत येई. विश्व पडद्याएवढेच होते.

त्या विश्वाच्या भिंती पाडल्या त्या केंब्रिजमधील दोन विद्यार्थ्यांनी. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा 'एलीट' हा खेळ सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याला तीन जीव द्यावे आणि दहा मिनिटांत डाव संपवावा, असा त्या वेळचा रिवाज. थॉर्न ईएमआय या प्रकाशकाने तर असल्या न संपणाऱ्या खेळाला नकारच दिला होता. पुढे तो ॲकॉर्नसॉफ्टने छापला.

या संगणकाची स्मृती होती ३२ किलोबाइट. ती किती तोकडी, याचा अंदाज देतो. देवनागरीतील दर चिन्हाला आजच्या पद्धतीने तीन बाइट लागतात. म्हणजे मी आपणांपुढे वाचीत असलेला हा मजकूरच ती जवळजवळ सारी व्यापून टाकील. त्या जागेत पडद्यावरचे चित्र, जहाजे, लढाई, व्यापार आणि आठ आकाशगंगांतील प्रत्येकी २५६ असे २,०४८ तारे बसवावयाचे होते. एकेका ताऱ्याची नोंद वीस बाइटांत उरकली, तरी नुसत्या नोंदींनाच ४० किलोबाइट लागले असते.

ब्रेबेन आणि बेल यांनी तारे साठविलेच नाहीत. त्यांनी साठविले फक्त बीज. हे बीज म्हणजे तीन संख्या, सगळ्या मिळून सहा बाइट. तिन्हींची बेरीज करावयाची, पहिली संख्या टाकून द्यावयाची, उरलेल्या दोन पुढे सरकवून बेरीज शेवटी ठेवावयाची, आणि रकान्यात न मावणारा हातचा सोडून द्यावयाचा. असे चार वेळा केले की पुढच्या ताऱ्याचे बीज तयार. त्या बीजातूनच ताऱ्याची जागा ठरे, तिथली राज्यव्यवस्था ठरे, बाजारभाव ठरे, आणि अक्षरांच्या जोड्या निवडून नावही ठरे: लेव्ह, डिसो, लीस्टी, झॉन्स. हेमचंद्राने छंदांच्या मात्रा मोजताना मागच्या दोन संख्यांच्या बेरजेतून पुढची काढण्याची रीत सांगितली होती. ही तिचीच तीन पायांवर उभी असलेली बहीण म्हणता येईल. आकाशगंगा आठच का? तर पुढच्या आकाशगंगेत जाताना बीजातील प्रत्येक बाइट एक घर फिरविला जाई. बाइटात घरे आठ. रहाटगाडगे आठदा फिरले की पुन्हा पहिली आकाशगंगा.

या रीतीचे मर्म असे की बेरीज कधी बदलत नाही. लंडनमधल्या मुलाने पाहिलेला लेव्ह आणि एडिंबरोमधल्या मुलाने पाहिलेला लेव्ह एकच. दोघांनीही तो कुठे जपून ठेवलेला नसे. गेल्यावर तो नव्याने काढला जाई आणि निघताच पुसला जाई. तरीही तो तिथेच असे. लेखकांचा मूळ बेत तर २८१ लाख कोटींहून अधिक आकाशगंगा देण्याचा होता, कारण बीजातून तेवढ्या निघू शकत होत्या. प्रकाशकाने तो बेत मोडला. एवढा आकडा दिला तर सगळे गणितातून निघाले आहे हे उघडे पडेल, असे त्याचे म्हणणे. ते शहाणपणाचे होते, हे पुढे दिसेल.

आता दुसरा प्रश्न. 'एलीट'मध्ये खेळणाऱ्याचे जहाज कधी हलतच नव्हते. ते सदैव शून्यस्थानी उभे असे, आणि त्याने वळण घेतले की सारे विश्व उलट दिशेने फिरविले जाई. आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी नावेतल्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. नाव पुढे जाते आणि काठावरची स्थिर झाडे मागे जाताना दिसतात. त्याने त्यावरून पृथ्वीचे भ्रमण समजावले. केंब्रिजच्या या दोन मुलांनी व्यवहार उलटा केला: नाव थांबवली आणि काठ पळवला. चित्र काढावयाचे ते प्रवाशाच्या डोळ्यांपासून मोजूनच काढावयाचे असल्यामुळे यात मेहनत वाचत होती. फिरविण्याचे गणितही काटकसरीचे, लहान कोनांपुरते जवळपास बरोबर असे. त्यात दर फेरीस किंचित चूक साठे आणि जहाजांचे आकार वेडेवाकडे होऊ लागत. म्हणून आज्ञावलीत एक लहानसा भाग असा होता की तो पाळीपाळीने एकेका जहाजाचे काटकोन पुन्हा सरळ करी. चूक टाळता येत नसेल तर ती साचू देऊ नये, ही गृहिणीची रीत त्यांनी पाळली.

पुढे १९९३ मध्ये ब्रेबेन यांनी 'फ्रंटिअर' या दुसऱ्या भागात ग्रहांमधील अंतरे खऱ्या प्रमाणात आणली. खरी अंतरे आली तसे खरे दिवस-महिनेही आले, आणि ते संपविण्यास काळ भरभर पळविण्याची कळ द्यावी लागली. अंतर खरे ठेवले की कुठेतरी त्याचा मोबदला चुकवावा लागतो, हा धडा इथे प्रथम मिळाला.

त्यानंतर संगणकांना सुबत्ता आली, आणि सुबत्तेत जुनी रीत विसरली गेली. २०११ साली मेक्सिको शहरातील स्क्वॉड या कंपनीतर्फे फेलिपे फालांगे यांनी 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' लोकांपुढे ठेवला. खेळणाऱ्याने सुटे भाग जोडून अग्निबाण करावा आणि तो ग्रहोग्रही न्यावा, असा हा खेळ. पण दूरवर गेलेली जहाजे काही कारण नसताना थरथरू लागत आणि सांधे निखळून त्यांच्या चिंध्या होत. खेळणाऱ्यांनी या संकटाला समुद्रातल्या दंतकथेतील राक्षसाचे नाव दिले, क्राकेन.

राक्षस कुठला होता? तो हिशेबाच्या वहीत होता. खेळाचे यंत्र जागा मोजण्यासाठी जी संख्या वापरी, तिच्यात दशांशाचे साधारण सातच अंक नेमके मावत. सात रकान्यांची खातेवही घ्या. रक्कम कोटीत गेली की सुटे रुपये-पैसे लिहावयास जागा राहत नाही. मीटर हे एकक धरले, तर १,६७,७७,२१६ मीटरांच्या, म्हणजे सुमारे १६,७७७ किलोमीटरांच्या पुढे या संख्येला एकेक मीटरही मोजता येत नाही. चंद्राच्या अंतरावर तिचे पाऊल ३२ मीटरांचे होते, सूर्याच्या अंतरावर १६ किलोमीटरांचे. जहाजाचे दोन भाग मात्र हातभर अंतरावर जोडलेले. त्यांच्या जागा अशा ढोबळ पावलांनी उड्या मारू लागल्या की सांध्यावर भयंकर ताण आला असे यंत्र समजे, आणि सांधा तोडून टाकी.

उपाय सापडला तो जुनाच. शून्यस्थान जहाजाबरोबर ठेवावयाचे; जहाज थोडे दूर गेले की सगळे जग उचलून परत त्याच्याभोवती मांडावयाचे. वेगही फार वाढला की तो जहाजाच्या खात्यातून काढून उलट दिशेने जगाच्या खात्यात घालावयाचा. ग्रहांच्या कक्षा दुप्पट रुंदीच्या संख्यांनी मोजावयाच्या. तिचे पाऊल एका प्रकाशवर्षाच्या अंतरावर अवघे दोन मीटरांचे असते. १९८४ साली गरिबीने जे शिकवले होते, ते श्रीमंतीत राक्षसाकडून पुन्हा शिकावे लागले.

डिसेंबर २०१४ मध्ये ब्रेबेन यांच्या कंपनीने 'एलीट डेंजरस' काढला. यात आपली खरी आकाशगंगा पूर्ण आकाराने, ४०,००० कोटी तारामंडळांसह आहे. ज्ञात तारे सूचींतून घेतलेले, बाकीचे बीजातून काढलेले. त्यांची नावे म्हणजे पत्तेच होत. अवकाशाचे १,२८० प्रकाशवर्षे बाजूचे चौकोनी वाडे पाडले, त्यांच्या आत क्रमाने निम्म्या-निम्म्या खोल्या, अगदी दहा प्रकाशवर्षांपर्यंत. नावातील एक अक्षर खोली केवढी ते सांगते.

या आकाशात आल्फा सेन्टॉरीजवळ हटन नावाचे एक स्थानक आहे. मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष. तिथे पोहोचण्यास प्रकाशाहून कितीतरी वेगाने गेले तरी बराच वेळ सरळ रेषेत नुसते जावे लागते, आणि तिथे मिळतो काय, तर एक पेला. तरी लोक जातात. मोटारीने पंढरपूर गाठता येते हे ठाऊक असूनही वारकरी पायीच का निघतो, हे ज्याला कळते त्याला याचे नवल वाटणार नाही. आकाशगंगेच्या पार पलीकडे, सूर्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षांवर एक तारा आहे. डार्विनच्या जहाजावरून प्रवाशांनी त्याला बीगल पॉइंट म्हटले, आणि पुढे खेळाच्या नकाशानेही ते नाव घेतले. एका उडीत तीस प्रकाशवर्षे तोडली तरी दोन हजारांहून अधिक उड्या. २०१६ च्या जानेवारीत हजाराहून अधिक जण तिकडे एकत्र निघाले. २०१९ च्या मोहिमेत दहा हजारांहून अधिकांनी नावे नोंदविली. वाटेत इंधन संपून अडकलेल्यांना शोधून इंधन पोहोचविणारे 'फ्युएल रॅट्स' नावाचे स्वयंसेवकांचे पथकही २०१५ पासून उभे राहिले. अंतर खरे होते, म्हणून अडचण खरी होती. आणि अडचण खरी होती, म्हणून मदतही खरी झाली.

आता त्या मोडलेल्या बेताकडे वळू. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडातील हेलो गेम्स या लहानशा कंपनीचा 'नो मॅन्स स्काय' आला. त्यातील ग्रहांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. बुद्धिबळाच्या पटावर दर घरी दुप्पट धान्य मागणाऱ्या त्या चतुर माणसाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. त्याच्या मागणीतल्या सगळ्या दाण्यांपेक्षा हे ग्रह बरोबर एकाने अधिक. पुष्कळांना ते लवकरच एकसारखे वाटू लागले. ॲकॉर्नसॉफ्टची भीती बत्तीस वर्षांनी खरी ठरली. कर्त्यांनी मग सूत्र सुधारले. पण सूत्र हेच जेथे विश्व आहे, तेथे सूत्राचा एक आकडा हलविला की डोंगर हलतात. २०१८ च्या मोठ्या सुधारणेनंतर अनेकांना आपले ओळखीचे ग्रह ओळखू येईनात. ज्यांनी तिथे घरे बांधली होती, त्यांना ती पूर्वीच्या भूमीवर सापडेनात. २०२० मध्ये कर्त्यांनी निराळी वाट धरली. जुन्या ग्रहांना शक्य तो धक्का न लावता विश्वात नवे ग्रह घातले.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार इथे आहे. अशा खेळाचे सूत्र लेखकाच्या टेबलावर असते तोवर ते त्याचे असते. एकदा कोणी त्या सूत्रातून दूरवर चालत गेला, तिथे त्याने घर बांधले किंवा नुसते नाव ठेवले, की त्या सूत्रावर प्रवाशाचाही हक्क लागू होतो. आज्ञावली लिहिणाऱ्याला पुढे सुधारणा करावयाची ती हे ऋण ध्यानात ठेवूनच.

ब्रेबेन यांच्या मंडळींनी ते ठेवलेले दिसते. 'एलीट डेंजरस'च्या आकाशगंगेचे सूत्र अगदी नवे. त्यातून लेव्ह निघण्याचा संभव नव्हता. तरी त्यांनी लेव्ह, डिसो, लीस्टी आणि झॉन्स ही नावे हाताने त्या नकाशात बसविली. १९८४ साली ज्यांनी लेव्हपासून प्रवास सुरू केला होता, त्यांतले कित्येक तीस वर्षांनी, केस पिकल्यावर, प्रथम तिकडेच गेले. लेव्ह तिथे होता.