राजवाडा, इंदूर

होळकर घराण्याचा इंदूर शहरातील सातमजली वाडा. स्थान : मध्य प्रदेश, खजुरी बाजाराजवळ, कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर. नंतरच्या महालांपासून वेगळा ओळखता यावा म्हणून यास ‘जुना राजवाडा’ असेही म्हणतात.

पार्श्वभूमी : मूळ वस्ती नदीपलीकडच्या जुनी इंदूरची. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे ठाणे हलविले. त्यांच्या घराण्याचा रावळा त्याच भागात आहे. मल्हारराव होळकरांनी (1693–1766) माळव्यात अंमल बसविल्यावर अलीकडच्या तीरावर नवी पेठ वाढली आणि तिच्या मध्यावर वाडा उभा राहिला. बांधकामाचा आरंभ सामान्यतः 1747 चा मानतात. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वर राजधानी केल्यावर राज्यकारभार येथून हलला.

रचना : खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. ही विभागणीच वाड्याचे खरे वैशिष्ट्य होय. शैलीविषयी मात्र मराठा, मुघल व फ्रेंच अशी तिहेरी नोंद वारंवार आढळते. पैकी फ्रेंच प्रभाव नेमका कोठे दिसतो, यावर अभ्यासकांत एकवाक्यता नाही. सात मजले दर्शनी भागालाच आहेत. मध्यभागी लोखंडी खिळ्यांचा भव्य लाकडी दरवाजा, त्यावर मजल्यामागून मजला चढत जाणारे सज्जे व गवाक्षे, कोपऱ्यांवर गोल बुरूज. दरवाजातून आत गेल्यावर मोठा चौक, त्याभोवती कमानदार ओवऱ्या, गणेश दरबार आणि होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंडाचे देवघर. तटबंदीचा भार दगडावर आणि राहण्याचा, हवा-उजेडाचा भाग लाकडावर, ही मराठा वाड्यांची जाणती रीत येथे असामान्य उंचीपर्यंत नेलेली आहे.

आगी व पुनर्बांधणी : वाड्याचा इतिहास बव्हंशी त्याच्या लाकडाचा इतिहास आहे. जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांचे उज्जैन लुटले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचा सरदार सर्जेराव घाटगे याने इंदूरजवळ यशवंतरावांचा पराभव करून शहर लुटले व वाडा जाळला. इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहाने (6 जानेवारी 1818) इंदूर होळकरांची राजधानी झाली. यशवंतरावांचा पुत्र मल्हारराव तेव्हा अल्पवयीन असल्याने दिवाण तात्या जोग (विठ्ठल महादेव किबे) यांच्या हाती कारभार होता. वाड्याच्या पुनर्बांधणीचे श्रेय त्यांनाच दिले जाते. आजचे दर्शनी रूप पहिल्या मल्हाररावांच्या काळचे समजले जाते, पण ते मुख्यतः या दुसऱ्या बांधणीचे मानणे अधिक सयुक्तिक. पुढे 1834 मध्ये आगीत एक मजला नष्ट झाल्याची नोंद आहे.

1666 च्या आगीनंतर लंडनने घरांच्या बाह्य भिंतींतून लाकूड कायद्याने हटविले व विटांची नगरघरे उभारली. इंदुरात मात्र जळालेल्या लाकडाच्या जागी पुन्हा लाकूडच आले. पुण्याचा शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला तो पुन्हा उभा राहिलाच नाही. म्हणून मराठा लाकूडकामाच्या अभ्यासात इंदूरच्या वाड्याला मोठे मोल आहे.

1984 च्या दंगलीत मागील भाग जळाला व दीर्घकाळ तसाच राहिला. उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने 2006–07 मध्ये तो वीट, चुना व लाकूड याच पारंपरिक साहित्यात पुन्हा बांधण्यात आला. सिमेंटचा सोपा मार्ग टाळणे हा या कामाचा सर्वांत मोठा गुण म्हणावा लागेल.

परिसर : समोर अहिल्याबाईंचा पुतळा व बाग, जवळच कृष्णाबाई होळकरांनी 1832 मध्ये बांधविलेले गोपाळ मंदिर.

वापर : विसाव्या शतकात राजघराण्याचे वास्तव्य लालबाग व माणिकबाग या महालांत होते. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त 20 मे 2025 रोजी मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक वाड्यात झाली.