वाडवडिलांची हत्यारे

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या ज्ञातीच्या घराघरांतून हत्यारांची पूजा होते. पाटावर वाकस, करवत, पटाशी मांडून त्यांस गंधफूल वाहण्याची ही चाल किती जुनी आहे, हे सांगणे कठीण. परंतु अलीकडे अनेक घरी पाट तेवढा राहिला आहे आणि त्यावर मांडावयास जुने हत्यार उरलेले नाही, असे आमच्या पाहण्यात येते. ज्या साधनांनी आपल्या पूर्वजांनी गावे उभारली, त्यांचा थोडा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा व त्यांच्या जतनाविषयी एक विनंती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्या धंद्याचे प्राचीनत्व सिद्ध करण्यास पुराणांतच जावे लागते असे नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्या-कांशाची किंकरी व करवती सापडल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रापुरते पाहिले, तर कार्ल्याच्या चैत्यगृहाएवढा बोलका पुरावा दुसरा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या लेण्याच्या छताखाली बसविलेल्या सागवानी कमानी आजही आपल्या जागी आहेत. तेथेच एक लेख कोरलेला असून, धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी नामक ‘वढकी’ याने लेण्याचे द्वार केले, असा त्यात उल्लेख आहे. वढकी म्हणजे वर्धकी, अर्थात् सुतार. राजे, श्रेष्ठी व भिक्षू यांच्या नावांच्या पंक्तीत एका सुताराचे नाव दगडावर कोरले गेले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. मात्र असे भाग्य सामीनंतर आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्यास आले.

आता हत्यारांकडे वळू. त्यांच्या नावांतच इतिहास साठविलेला आहे. रंधा हा शब्द फारशीतून आला. काटकोन पाहण्याचा गुण्या फारशीतूनच आला, पण त्याचे मूळ कोन या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. गिरमिट इंग्रजांच्या बरोबर आले. दोरीच्या कमानीने फिरणारा सामता मात्र त्याहून कितीतरी पूर्वीपासून आपल्याकडे भोके पाडीत होता. विलायती करवत पुढे ढकलताना कापते, तर आपली जुनी देशी करवत ओढताना कापीत असे. याचे कारण बैठकीत आहे. आपला कारागीर जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या बोटांत धरून काम करी. अशा बैठकीत ओढ सोपी पडते आणि ओढताना पातळ पानही वाकत नाही. ज्यास लोक मागासलेपणा म्हणत, त्यात असा विचार होता.

ही हत्यारे टिकत कशी, हेही समजून घेतले पाहिजे. गावचा लोहार मऊ लोखंडाच्या अंगास पोलादाची धार जोडी व तिला पाणी देई. अंग मऊ असल्याने घाव सोसला जाई आणि धार कठीण असल्याने ती बोथट होत नसे. दांडा बाभळीचा असे. तो झिजला की नवा बसे, पण पाते तेच राही. आजोबांचा वाकस नातू चालवी तो याच कारणाने.

गावगाड्यात सुताराची गणना बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत होत असे. नांगर, कुळव, तिफण, मोटेचे चाक, घराचे आढे, लेकराचा पाळणा आणि शेवटी सरणाची लाकडेसुद्धा त्याच्या हाताखालून जात. खळ्यावर धान्याच्या रूपाने त्यास बलुते मिळे. इ. स. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन आहे, ते जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. बैलगाडीचे चाक हे आपल्या कौशल्याची कसोटी होती. तुंब्यात आरे ठोकावे, आऱ्यांवर पुठ्ठे बसवावे, मग लोहाराने तापवून लाल केलेली लोखंडी धाव त्यावर चढवून पाणी ओतावे. धाव आक्रसली की सारे सांधे एकजीव होत. सुताराचे माप सुताभर चुकले, तर लोहाराची मेहनतही वाया जाई.

पुढे पोटासाठी कित्येकांनी मुंबई गाठली. तेथील गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली गेली. इ. स. १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. बांधणाऱ्या घराण्याची कीर्ति योग्यच आहे, परंतु त्या फळ्या ज्यांनी वाकसाने तासल्या, त्यांची नावे आज कोण सांगतो ? कार्ल्याच्या सामीप्रमाणे त्यांस शिलालेख लाभला नाही.

काळ बदलला, हे ओघानेच आले. इ. स. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, मागाहून रबरी चाकांच्या गाड्या आल्या, आणि विजेच्या यंत्रांनी दिवसाचे काम घटकेवर आणले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्याच तरुणांनी यंत्रे घेऊन नाव मिळविले आहे. यंत्र आले म्हणून हत्यार भंगारात जावे, एवढेच आम्हांस मान्य नाही.

या बाबतीत पहिले अपराधी आम्हीच आहो, हे कबूल केले पाहिजे. इ. स. १९८४ साली जुने घर उतरविताना आम्ही वडिलांची हत्यारांची पेटी भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकली. वडिलांस तेव्हा दिसत नसे. त्या वर्षीच्या खंडेनवमीस आम्ही पाटावर बाजारातील नवा हातोडा ठेवला. त्यांनी हात फिरवून पाहिला, दांड्यावर बोटे क्षणभर थांबली, आणि काही न बोलता त्यांनी हात जोडले. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा कळला. पुढे काही वर्षांनी गावातील एका शेतकऱ्याच्या घरी वडिलांनी कधीकाळी उसनी दिलेली एक पटाशी सापडली. दांड्यावर तीन खाचांची त्यांची खूण होती, आणि त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगाही. आमचा अंगठा त्यात बरोबर बसला. तेव्हापासून आम्ही जुनी हत्यारे जमवू लागलो.

एका माणसाच्या ध्यासाने काय होते, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन पाहावे. दिनकर केळकरांनी घरगुती, नित्य वापराच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या व इ. स. १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या ज्ञातीस एक खोली तरी का उभारता येऊ नये ?

ज्ञातिबांधवांस विनंती अशी की, घरी असलेले जुने हत्यार विकू नये. त्यास घासूनपुसून नव्यासारखे चकचकीत करू नये. गंज हलकेच काढून तेलाचा हात द्यावा आणि दांड्यावरील खुणा राखाव्या. मुख्य म्हणजे, ते कोणाचे, कोणत्या गावचे, त्याने काय काय घडविले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून कागदावर लिहून ठेवावे. हत्यार शंभर वर्षे टिकेल, पण ही माहिती सांगणारा माणूस तितका काळ थांबणार नाही.

दांड्यावरील खूण हाच आपल्या पूर्वजांचा शिलालेख होय. तो वाचण्याची बुद्धि प्रभु विश्वकर्मा आपणां सर्वांस देवो.