बिनटिंबांची पोथी : ठाण्याच्या शार हाशामायीमची वाटचाल

ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं शार हाशामायीम, म्हणजे ‘स्वर्गाचं द्वार’, हे बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचं सिनेगॉग १८७९ सालचं. समाजाच्या बोलण्यात मात्र ती ‘मशीद’. मुंबईतलं १७९६ सालचं पहिलं सिनेगॉगही असंच ‘जुनी मशीद’ झालं.

कोकणात घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’जवळ हिब्रू फारशी उरली नव्हती. एकेश्वराची ग्वाही देणारी शमाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ. नव्याचा सण, खिरीचा सण अशी सणांची नावंही मराठीच. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्याला आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. पुढे रेल्वेत, पोस्टात, सरकारी खात्यांत नोकऱ्या धरत समाजातले पुष्कळ जण गाव सोडून शहरात आले.

ठाण्याची मशीद उभी राहिली तोवर हिब्रू शिकण्याची सामग्री छापून तयार होती. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं होतं. त्याचा हेतू धर्मांतराचा असेल, पण व्याकरण कामी आलं! १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाली. १८७४ च्या पुण्याच्या सचित्र हग्गादेत तर साडीतल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या.

तरी खरी परीक्षा वेदीवर पोथी वाचताना. हिब्रूची २२ अक्षरं व्यंजनांची, उजवीकडून डावीकडे लिहायची. स्वर म्हणजे अक्षराभोवतीची टिंबं आणि रेघा. छापील पुस्तकात त्या असतात, तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत नसतात. तिथे विरामचिन्हंही नाहीत. कुठे थांबायचं, कोणत्या सुरात म्हणायचं, हे सांगणाऱ्या खुणा पुस्तकात पाहून आधीच पाठ कराव्या लागतात. मोडी वाचणाऱ्याला याची थोडी कल्पना येईल. शमातला ‘एहाद’ म्हणजे ‘एक’. त्याचं शेवटचं अक्षर दालेत गुंडाळीत मुद्दाम मोठं काढतात. त्याचा कोपरा जरा गोल झाला, की ते रेश हे अक्षर दिसतं आणि ‘अहेर’ म्हणजे ‘दुसरा’ वाचलं जातं. एकेश्वराच्या ग्वाहीत याहून वाईट चूक कुठली?

१९४८ नंतर बरेच लोक इस्रायलला गेले. तिथली वर्तमानपत्रंही बिनटिंबांचीच! पण तिथूनच ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघालं. इथे मागे राहिलेल्यांत ठाण्याचा समाज मोठा आहे. महाराष्ट्रात यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा मिळाला तो २०१६ मध्ये.

देवनागरीत उतरवलेली प्रार्थना नवशिक्याच्या सोयीची असते खरी. पण आलेफ आणि आयिन ही दोन अक्षरं तीत एकाच ‘अ’वर येतात, ‘हे’ आणि ‘हेत’ ही अक्षरंही दोन्ही ‘ह’ होतात. त्यामुळे पोथीपुढे उभं राहायचं, तर मूळ अक्षरं गिरवण्यावाचून सुटका नाही.