पंचवीस बटणांची जीप

लेगोच्या ठोकळ्यांतून गाडी बांधायची तर सुरुवात टायरपासून करावी लागते. बॉनेट, टप, बंपर हे सगळं जोडून, उलटं लावून, जुगाड करून जमतं. टायर मात्र कंपनीने ज्या मापाचा काढलाय त्याच मापाचा घ्यावा लागतो. माझ्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० आहे. तिच्या टायरचा व्यास टेपने साधारण ७२ सेंटिमीटर भरला. लेगोचा मला पसंत पडलेला टायर ६२.४ मिलिमीटरचा. म्हणजे प्रमाण झालं १:११.५. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९१ इंच, त्याला ११.५ ने भागलं की २०१ मिलिमीटर. लेगोच्या ठोकळ्यावरच्या दोन बटणांच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं. माझी जीप पंचवीस बटणांची निघाली.

मग उत्सुकता म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपचं गणित मांडलं. तिचा व्हीलबेस ८० इंचांचा, म्हणजे बावीस बटणं. माझ्या गाडीत आणि तिच्या पणजीत फरक फक्त तीन बटणांचा. पण ही पणजी नक्की कुणाची, हे शोधायला लागलो आणि मॉडेल महिनाभर बाजूलाच राहिलं.

जीप म्हटलं की विलीजचं नाव येतं. पण १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीसाठी निविदा काढल्या, तेव्हा सगळ्यात आधी धावली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही छोटी कंपनी. ती तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने मोजक्या दिवसांत नकाशे काढून दिले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी लष्कराच्या चाचणी केंद्रावर हजर झाली. मुदत होती ४९ दिवसांची. गाडी पोचली तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

गाडी लष्कराला आवडली, पण बँटमचा कारखाना छोटा होता. एवढी कंपनी लाखो गाड्या कशा बनवणार, असा प्रश्न होता. लष्कराने बँटमचे नकाशे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्या हाती दिले. विलीजने आपलं ६० अश्वशक्तीचं दणकट इंजिन बसवलं. फोर्डने पत्र्याच्या एकाच तुकड्यातून ठोकून काढलेली, उभ्या फटींची स्वस्त जाळी दिली. जीपचा चेहरा म्हणून आपण जी ओळखतो, ती हीच. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारसुद्धा आल्या नाहीत. उरलेलं युद्ध तिने जीपमागे जोडायच्या ट्रेलर गाड्या बनवण्यात घालवलं.

विलीज आणि फोर्ड या दोघांच्या जीपचे सुटे भाग एकमेकांत बसले पाहिजेत, अशी लष्कराची अट होती. रणांगणावर एका मोडक्या गाडीचा भाग काढून दुसरी चालू करता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार. फोर्डने ही अट पाळली, पण आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उठवलं. भाग कुठल्याही जीपला लागू देत, बनवला कुणी ते दिसलं पाहिजे!

युद्धाच्या काळात 'जीप आम्ही घडवली' अशा जाहिराती विलीजने केल्या. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला चालवला आणि १९४८ मध्ये निकाल दिला: जीपची कल्पना बँटम आणि लष्कराचे अधिकारी यांच्या सहकार्यातून आलेली आहे, विलीजने ती आपली म्हणून मिरवू नये. निकाल बँटमच्या बाजूने लागला खरा, पण १९५० मध्ये 'जीप' हा नोंदणीकृत ट्रेडमार्क मिळाला तो विलीजलाच. बँटम त्याच दशकात विकली गेली.

हे वाचताना हातातल्या ठोकळ्याची गोष्ट डोक्यात फिरत होती, कारण ती जवळजवळ अशीच आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. युद्धानंतर त्याने प्लास्टिकचं मोल्डिंग मशीन घेतलं, तेव्हा इंग्लंडमधल्या 'किडीक्राफ्ट' कंपनीच्या ठोकळ्याचे नमुने त्याच्या हाती आले. वर बटणं असलेला आणि आतून पोकळ असा तो ठोकळा हिलरी पेज या ब्रिटिश खेळणीकाराचा. लेगोने मापांत थोडा फेरफार करून १९४९ मध्ये आपला ठोकळा बाजारात आणला. पेज १९५७ मध्ये वारला. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले कर्कच्या मुलाने, गॉटफ्रेडने, ठोकळ्याच्या पोटात नळ्या घालण्याच्या कल्पनेवर पेटंटचा अर्ज केला. किडीक्राफ्टच्या ठोकळ्याचे उरलेसुरले हक्क लेगोने विकत घेतले ते थेट १९८१ मध्ये.

इथे घाईने 'चोर' म्हणून मोकळं होता येत नाही. पेजचे ठोकळे एकमेकांवर बसायचे, पण घट्ट धरायचे नाहीत. खालच्या ठोकळ्याचं ४.८ मिलिमीटरचं बटण वरच्या ठोकळ्याची भिंत आणि नळी यांच्यामध्ये दाबून बसतं. ही पकड लेगोचीच. तिच्याशिवाय माझी जीप उचलली की बॉनेट हातात आणि चाकं टेबलावर राहिली असती. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, ही शिस्तही त्यांचीच. तसंच विलीजचं इंजिन नसतं तर बँटमची गाडी कदाचित एवढी लांब गेली नसती. नक्कल करणाऱ्याने भर घातली, हे खरं. आणि भर घालताना आधीच्याचं नाव गळालं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडच्या जीपच्या गोष्टीतही एक गळालेलं नाव आहे. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या कंपनीचं नाव होतं 'महिंद्र अँड मोहम्मद'. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग परवाना घेऊन आणायचे आणि जीप जोडायची, असं काम सुरू झालं. मोठ्या माणसांचा लेगो संचच तो! पुढे भाग इथेच बनू लागले. माझ्या एमएम ५४० मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन आहे. अंगकाठी अमेरिकन, काळीज फ्रेंच आणि खरवडलेल्या जागी गॅरेजच्या मिस्त्रीने मारलेलं लांबी-पेंट अस्सल सातारी.

याच घराण्यातली 'रॉक्सर' ही गाडी महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत आणली. रस्त्यावर नाही, फक्त शेतात आणि डोंगरात चालवायची गाडी. जीप ब्रँडच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे फियाट क्रायसलरने, आमच्या जीपचं रूप चोरलं म्हणून तक्रार केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मान्य केली. महिंद्राने चेहरा बदलला, मग बदललेल्या गाडीला परवानगी मिळाली. शोध कुणी लावला आणि गिऱ्हाईक ते रूप बघून कुणाची आठवण काढतं, हे कायद्याच्या नजरेत दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला कळतं. तरीही बटलर गावात कुणी ही बातमी वाचली असेल, तर त्याला काय वाटलं असेल?

लेगोला नेमका उलटा अनुभव आला. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्या त्याच मापाचे ठोकळे बनवू लागल्या. ठोकळ्याचा आकारच आपला ट्रेडमार्क आहे, असा लेगोचा दावा होता. २०१० मध्ये युरोपच्या न्यायालयाने तो फेटाळला. जो आकार कामासाठी लागतो, तो एकट्याच्या मालकीचा करून ठेवता येत नाही.

मला हा निकाल पटतो. सॉफ्टवेअरमध्ये रोज दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडवर माझं काम चालतं. खुल्या परवान्याचा कोड उचला, बदला, विका, बहुतेक वेळा हरकत नसते. पण फाइलच्या डोक्यावरची लेखकाच्या नावाची ओळ पुसायची नाही, एवढी अट जवळपास सगळीकडे असते. नक्कल आणि नाव या दोन गोष्टी अशा वेगळ्या ठेवता येतात.

माझं मॉडेल मी आधी संगणकावर बांधलं. त्यासाठी 'एलड्रॉ' ही फुकट प्रणाली वापरली. ती १९९५ मध्ये जेम्स जेसमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केली. १९९७ मध्ये तो गेला, तेव्हा माझ्या आजच्या वयाहूनही लहान होता. त्याच्या मागे जगभरच्या हौशी लोकांनी हजारो ठोकळे एकेक करून त्यात भरले. प्रत्येक ठोकळ्याची एक छोटी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात सुरुवातीला लेखकाचं नाव. कितीतरी जुन्या फाइलींत आजही जेसमनचं नाव आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळात ती ओळ कुणी खोडलेली नाही.

लेगोच्या खऱ्या ठोकळ्यावर प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं. भिंग घेऊन बघितलं तर वाचता येतं. माझ्या मॉडेलच्या बॉनेटवर ते पन्नासेक वेळा आहे. म्हणून मॉडेलची फाइल सगळ्यांसाठी खुली करताना मी तिच्या डोक्यावर ओळी वाढवल्या: प्रॉब्स्ट आणि बँटम, विलीज, फोर्ड, पेज, क्रिस्टियनसेन बापलेक, महिंद्र आणि मोहम्मद, जेसमन. माझं नाव शेवटी. ज्याला बावीस बटणांची करायची आहे त्याने मधली तीन कापावीत, आणि आपलं नाव माझ्या खाली लिहावं.