दारू आणि दारूगोळा

मराठीत दारू पितातही आणि तोफेत ठासतातही. आम्हा गोंयकारांना पहिला अर्थ जास्त जवळचा, हे कबूल! पण पहिल्या महायुद्धात हे दोन्ही अर्थ खरोखरच एका भट्टीपाशी येऊन मिळाले, आणि तेही आपल्या नाशिकला.

तोफगोळ्याची दारू दोन प्रकारची. एक गोळ्याच्या पोटात फुटते, दुसरी गोळ्याला तोफेबाहेर ढकलते. ब्रिटिशांची ढकलणारी दारू म्हणजे 1889 सालचे कॉर्डाइट. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन ॲसिटोनमध्ये मऊ करून मळायचे, थोडे व्हॅसलिन घालायचे आणि शेवयांसारख्या दोऱ्या काढून वाळवायच्या. हिंदुस्थानात निलगिरीतल्या अरुवनकाडूला 1904 पासून याचा कारखाना होता. अडचण ॲसिटोनची. ते लाकूड बंद भांड्यात तापवून काढत. ढीगभर लाकडातून ओंजळभर मिळायचे, आणि इंग्लंड बरेचसे अमेरिकेहून आणी.

मे 1915 मध्ये तोफगोळ्यांच्या तुटवड्याची बातमी लंडनच्या 'टाइम्स'ने छापली आणि सरकार हादरले. लगेच स्वतंत्र दारूगोळा खाते निघाले, त्यावर लॉईड जॉर्ज आले. पुढच्याच वर्षी सोमच्या लढाईआधी आठवडाभरात पंधरा लाखांहून अधिक गोळे झाडले गेले. त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

एवढे ॲसिटोन आणायचे कुठून? मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन (पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष) यांनी एक जिवाणू हेरला होता. तो मका-तांदळाचा स्टार्च आंबवून ॲसिटोन बनवी. प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो लंडनच्या एका जिनच्या भट्टीत! धान्य टंचाईचे झाले तेव्हा, 1917 मध्ये, इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांकडून हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करवली.

आपल्याकडे काजूच्या रसाला वाऱ्यावरचे यीस्ट चालते, चार दिवसांत रस आंबतो, भाटीवर चढवला की हुर्राक तयार. वाइझमनचा जिवाणू फार नाजूक. त्याला हवा सोसत नाही, आणि दुसरा जंतू शिरला की सगळी टाकी वाया. म्हणून भांडी वाफेने धुवावी लागत. शिवाय ॲसिटोनच्या दुप्पट ब्युटेनॉल हाती येई. त्याचे करायचे काय हा प्रश्नच होता.

युद्धाच्या अखेरच्या काळात सरकारने नाशिकला याच पद्धतीचा ॲसिटोन कारखाना उभारला. तिकडे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर आणि सहकाऱ्यांनी मोहाच्या फुलांपासून ॲसिटोन काढण्याचा अभ्यास केला. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखर असते.

इथे मला थांबावेसे वाटते. ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींना हीच फुले घरात ठेवायला 1892 च्या मोहडा कायद्याने बंदी केली होती, कारण अबकारीचा महसूल बुडेल. त्यांच्यासाठी मोह ही नुसती दारू नव्हती. भाकरी नसलेल्या दिवसांत तेच पोटाला आधार होता. त्यांच्या हातात गुन्हा ठरलेले फूल साहेबाच्या प्रयोगशाळेत मात्र तोफेच्या कामाचे ठरत होते.

नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध थांबले आणि ॲसिटोनची निकडही संपली. मोहावरचा पहारा मात्र उरला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांचा उल्लेख आहे, आणि 1960 नंतर गुजरातेत तोच कायदा चालू राहिला. सुरतेहून पलसाण्यावरून महामार्गाने दक्षिणेला निघाले की हा कोरडा मुलूख दमणच्या वेशीपर्यंत सोबत करतो. महाराष्ट्राने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि विकण्यावरचे निर्बंध उठवले ते 2021 मध्ये.