नेम आणि वेग

कॅलिफोर्नियातील बिग बेअर हे डोंगरातील सरोवराकाठचे गाव. १९५० नंतरच्या दशकात जेफ कूपर या मरीन दलातील माजी अधिकाऱ्याने तेथे पिस्तुलाच्या चढाओढी भरविण्यास प्रारंभ केला. काउबॉयपटांनी त्या काळी अमेरिकेस वेड लावले होते. कमरेच्या म्यानातून विजेच्या चपळाईने हत्यार उपसून तेथूनच गोळी झाडणे हीच खरी विद्या, असे हौशी मंडळींस वाटे. स्पर्धेचे नावही ‘लेदरस्लॅप’, म्हणजे चामड्यावर हाताची थाप! २१ फुटांवर १८ इंच रुंदीचे १२ फुगे मांडीत. ज्याचे सर्व फुगे आधी फुटतील तो विजयी.

हा समज केवळ चित्रपटांनी निर्माण केला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शांघायच्या पोलीस दलात सेवा केलेल्या फेअरबेर्न व साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यांनी १९४२ साली ग्रंथरूपाने अशी शिकवण मांडली होती, की चार हातांवरील शत्रूशी गाठ पडली असता पिस्तुलाच्या माशीवर डोळा ठेवण्यास उसंत मिळत नाही. एका हाताने हत्यार उचलून अंदाजानेच गोळी घालावी. प्रत्यक्ष चकमकींच्या अनुभवाने या शिकवणीस वजन प्राप्त झाले होते. तिला आव्हान द्यावयाचे तर पुराव्यानेच देणे भाग होते, आणि तो पुरावा अखेर फुग्यांनी दिला.

लॉस एंजेलिस परगण्यातील जॅक वीव्हर हा डेप्युटी शेरीफ या स्पर्धांत उतरत असे. कमरेपासून झाडलेल्या गोळ्या लवकर सुटतात खऱ्या, पण फुगा चुकवून जातात, हे त्याने हेरले. म्हणून तो रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरून डोळ्यांच्या रेषेत आणी, माशी पाही आणि मगच चाप ओढी. यात क्षणभर वेळ जाई. तथापि गोळी लागे. १९५९ साली त्याने लेदरस्लॅप जिंकली. कूपरचा मोठेपणा असा, की त्याने या विजयाला योगायोग ठरविले नाही. वीव्हरच्या पवित्र्याचा अभ्यास करून त्याने त्याचा लेखांतून व शिक्षणातून प्रसार केला. ऑलिंपिकमधील पिस्तूल आजही एका हातानेच धरावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व कळते.

पुढे १९७६ साली मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे कूपरच्या अध्यक्षतेखाली ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ स्थापन झाली. अचूकता, शक्ती आणि वेग अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द तिने ब्रीद म्हणून घेतले. पण स्पर्धा कोणाचीच मिरासदारी मानीत नाही. १९८० नंतर रॉब लेथम व ब्रायन एनोस यांनी दोन्ही बाहू सरळ ताणून नेम धरण्याची रीत यशस्वी केली आणि वीव्हरचा पवित्राही मागे पडू लागला. त्याचबरोबर हत्यारांचेही रूप पालटले. धक्का कमी करणाऱ्या जोडण्या, भिंगांच्या दुर्बिणी, खास बेतलेली म्यानें! असले पिस्तूल अंगरख्याखाली लपवून बाजारात कोण नेणार? आत्मरक्षणाच्या नावाने निघालेला खेळ यंत्रांच्या शर्यतीकडे झुकला होता.

या असंतोषातून १९९६ साली बिल विल्सन, केन हॅकथॉर्न प्रभृतींनी ‘इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन’ काढली. नवख्यास येथे महागडी सामग्री लागत नाही. नित्याचे पिस्तूल, साधे म्यान, ते झाकणारे जाकीट, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण एवढ्यावर प्रवेश मिळतो. आडोसा उपलब्ध असेल तर त्याच्या आश्रयानेच गोळी झाडावी लागते. निरपराध माणसाचे म्हणून उभे केलेले चित्र टिपल्यास हिशेबातील वेळ वाढते. पंचाच्या आज्ञेवाचून पिस्तूल भरावयाचे नाही, नेम धरलेला नसताना बोट चापावर ठेवावयाचे नाही. नळी सुरक्षित मर्यादेबाहेर वळली, तर कितीही मोठा खेळाडू असो, त्या दिवशीचा त्याचा खेळ तेथेच संपतो. नवख्याचा पहिला धडा हाच असतो, वेग नंतरचा.

गुणगणनेत लागलेल्या वेळेत चुकलेल्या नेमाचा दंड मिळविला जातो. आरंभी एका उण्या गुणास अर्धा सेकंद असा दर होता; त्यामुळे घाई करणाऱ्याचे फावते, अशी तक्रार होऊ लागली. २०१७ साली तो दर पुरा एक सेकंद करण्यात आला.