बिऱ्हाडापासून घरापर्यंत

यंदा आपल्या मंडळाचा रौप्यमहोत्सव. चिटणीसबाईंनी सांगितले, “पाककृती पुष्कळ आल्या आहेत, तुम्ही घराचे लिहा.” मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. परंतु घर घेण्यासाठी आम्ही पंधरा वर्षे धडपडलो. त्या काळात कागद वाचावे लागले, वडीलधाऱ्यांना विचारावे लागले, मंडळाच्या वाचनालयातील पुस्तकेही चाळली. आपल्यातल्या निम्म्याहून अधिक भगिनी परळ, लालबाग, नायगाव, शिवडी सोडून येथे बदलापुरास आल्या आहेत. आपण येथवर कशा आलो, हे आपल्या मुलींना ठाऊक असावे म्हणून हे चार शब्द.

1999 साली लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले. खोली दहा बाय बारा, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. माणसे सात. मामंजी गिरणीत होते; संपात नोकरी गेली होती. पोटमाळ्यावर आमचे दोघांचे अंथरूण. सासूबाई म्हणत, “तुला सात माणसे दिसतात. मी आले तेव्हा गावची अकरा माणसे जेवायला होती.” ते खरेच होते. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार गाववाल्यांच्या खोलीत उतरे. एकाची पाळी संपली की दुसरा त्याच जागेवर पाठ टेकी. घर असे नव्हतेच. होते ते बिऱ्हाड.

मुंबईत गरिबाच्या घराचा विचार सरकारने केला तो प्लेगमुळे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग आला आणि कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांकडे साहेबांचे लक्ष गेले. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, गलिच्छ घरे पाडली, काही चाळी बांधल्या, पुढे दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. परंतु जेवढ्या गरिबांची घरे पाडली, त्या सर्वांना नव्या खोल्या मिळाल्या नाहीत. ती माणसे शेजारच्या चाळीत जाऊन अधिकच दाटीने राहिली. घर पाडणे सोपे आणि देणे अवघड, हे तेव्हापासूनचे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई फार वाढली. 1918 साली भाड्यावर नियंत्रण घालणारा कायदा करावा लागला. 1920 साली गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट खाते निघाले, त्याच आपल्या बी. डी. डी. चाळी. कापसाच्या प्रत्येक गाठीवर 1 रुपया कर बसवून त्यासाठी पैसा उभा केला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या. एका चाळीत 80 खोल्या, आणि खोली 160 चौरस फुटांची. नवल असे की आरंभी त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या होत्या. भाडे परवडत नव्हते आणि सोयीही नव्हत्या. टंचाई असूनही खोल्या ओस, कारण ज्याला गरज होती त्याच्या खिशाला ती पेलत नव्हती. भगिनींनो, आज आपल्या स्टेशनाबाहेर अंधाऱ्या खिडक्यांचे मनोरे दिसतात, तेव्हा मला हीच गोष्ट आठवते.

दुसरी वाट मध्यमवर्गाने काढली. 1915 साली गावदेवीस सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. एकट्याला जमिनीचा तुकडा घेता येत नाही, तर दहाजणांनी मिळून घ्यावा, असा तो साधा विचार. आपल्या भिशीतही तोच विचार आहे. आज गावोगाव ‘सोसायटी’ हा शब्द आपण घरासाठी सहज वापरतो, त्याचे मूळ तेथे.

स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 साली, मोठा भाडे नियंत्रण कायदा झाला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले गेले. भाडेकऱ्याला संरक्षण मिळाले. आमच्या मामंजींसारख्यांचे संसार त्यावरच टिकले. नाहीतर संपाच्या काळात मालकाने भांडी बाहेर ठेवली असती. परंतु भाडे वाढेना म्हणून मालक दुरुस्ती करीना, आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ कोणी बांधीना. जुन्या खोलीला मग पागडी आली. पागडी घेणे बेकायदेशीर, तरी सर्वत्र चाले. पैसे हातात, पावती नाही. 1999 च्या नव्या कायद्याने, जो 31 मार्च 2000 पासून अमलात आला, पागडीला मान्यता दिली. तोवर दोन पिढ्यांनी आयुष्याची पुंजी बिनपावतीची मोजली होती.

येथे माझ्या मावशीची हकीगत सांगितलीच पाहिजे. ती शिवडीकडे राहत असे. खोलीची पागडी काकांनी भरली, पण रेंटबिल थोरल्या दिरांच्या नावावर. “एकाच घरात नाव कुणाचे हे काय पाहायचे?” असे तेव्हा सर्वच म्हणत. काका गेले आणि वर्षाच्या आत मावशीला दोन मुलांसह गावी जावे लागले. कोणी हाकलले नाही, फक्त तिच्यासाठी जागा उरली नाही. ती जाताना स्टोव्ह आणि शिलाईचे यंत्र घेऊन एस. टी.त बसली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेले नाही.

ओनरशिपचे ब्लॉक निघू लागले तशी फसवणूकही वाढली. म्हणून 1963 साली महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला. बांधणाऱ्याने लेखी करार करून नोंदवावा, सोसायटी करून द्यावी, जमीन तिच्या नावे करावी, असे त्यात आहे. 1977 साली म्हाडा अस्तित्वात आले. त्याच वर्षी एच. डी. एफ. सी. ही केवळ घरांसाठी कर्ज देणारी संस्था निघाली आणि पगारदाराला हप्त्याने घर घेण्याची वाट मोकळी झाली. मात्र ती पगाराचा कागद असणाऱ्याला. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले पुष्कळजण परत आत गेलेच नाहीत. ज्या वर्षांत इतर लोक कर्जाने घरे घेत होते, त्या वर्षांत गिरणगाव ताटवाट्या मोडीत काढीत होते.

1991 साली नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन भाग करावेत: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी. 2001 साली नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती ठेवली. गिरण्यांच्या जमिनीवर शेडच फार, मोकळी जागा ती किती? 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. मामंजींनी ती बातमी दोनदा वाचली, वर्तमानपत्राची घडी केली आणि उशाखाली ठेवली. बोलले काही नाहीत.

त्याच 2006 साली आम्ही बदलापुरास भाड्याने आलो. धाकट्या दिरांचे लग्न ठरले होते आणि पोटमाळा एकच. अकरा महिन्यांचा करार, मग नवी जागा, पुन्हा दलाली. पंधरा वर्षांत सात बिऱ्हाडे झाली. पहिले घर 2007 साली पाहिले. किंमत सव्वाचार लाख ठरली. हे छापखान्यात कामाला, पगार निम्मा पाकिटात. बँकेने पगारपत्रक मागितले. ते मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि दलालाने सांगितले, “दुसरी पार्टी रोख देऊन गेली.” पुढे हे वाक्य चार वेळा ऐकले. आम्ही लाख जमवावे तोवर भाव दोन लाखांनी पुढे जाई. जिना चढावा आणि जिनाच वर सरकावा, असे चालले होते.

एक जागा नदीच्या अंगाला स्वस्तात मिळत होती. ह्यांचे मन बसले. मी शेजारच्या वाण्याला विचारले, “26 जुलै 2005 ला पाणी कुठवर होते?” त्याने दुकानातल्या दुसऱ्या फळीवर हात ठेवला. आम्ही परत आलो. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीला पूर येऊन वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा त्या इमारतीचा तळमजलाही पाण्यात होता. घर पाहताना रंग पाहू नये, पाण्याची खूण विचारावी, हे मी मुद्दाम लिहिते.

28 जून 2012 रोजी गिरणी कामगारांच्या 6,925 घरांची सोडत झाली. किंमत साडेसात लाख. अर्ज लाखाच्या वर. मामंजी सदरा इस्त्री करून गेले होते. नाव लागले नाही. संध्याकाळी येऊन म्हणाले, “शेजारच्या खात्यातल्याचे लागले, चांगले झाले.” दोन वर्षांनी ते गेले. त्यांचा अर्ज आजही सासूबाईंच्या पेटीत आहे.

2016 साली नव्या इमारतीसाठी 51 हजार रुपये विसार दिला. पाया भरला आणि काम थांबले. करार नव्हता, साध्या कागदावर पावती. चौदा महिने खेपा घालून 40 हजार परत मिळाले. त्या गृहस्थांचे नाव घेत नाही. चूक आमचीही होती. 1 मे 2017 पासून महारेराचे कामकाज सुरू झाले. आता करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या शेकडा 10 हून अधिक रक्कम मागता येत नाही, आणि घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांतले शेकडा 70 त्याच कामाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. हे ज्ञान आम्हाला 11 हजारांस पडले. तुम्हांला फुकट देते.

शेवटी 2021 साली तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली, जुनी पण कागद स्वच्छ असलेली जागा 22 लाखांत ठरली. कर्ज 15 लाख. उरलेले 7 लाख असे: ह्यांचा फंड अडीच लाख, लालबागची खोली दिरांकडे राहिली म्हणून त्यांनी दिलेले 2 लाख, माझ्या पाटल्यांचे 1 लाख, डब्यांतून साठवलेले 90 हजार आणि आपल्या मंडळाच्या भिशीचे 60 हजार. त्या महिन्यात भिशीचा नंबर माझा नव्हता. ज्या भगिनीचा होता तिने तो मला दिला. तिने नाव लिहू नको म्हटले आहे, म्हणून लिहीत नाही.

1 एप्रिल 2021 पासून राज्य सरकारने केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात शेकडा 1 सवलत दिली होती. म्हणजे आमचे 22 हजार वाचत होते. पुरुषाचे नाव जोडले तर सवलत नाही. घरात चर्चा झाली. हे म्हणाले, “दोघांचे नाव असावे, लोक काय म्हणतील?” दिरांनी थट्टा केली. मी पैशाची गोष्ट बोलले, पण मनात मावशीचे शिलाईचे यंत्र होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “पन्नास वर्षे मी त्या खोलीत राहिले. बिलावर आधी सासऱ्यांचे नाव, मग नवऱ्याचे, आता मुलाचे. हिच्या नावावर करा.” सासूबाई माझ्या बाजूने बोललेल्या मला आठवत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. पुढे ह्यांनी आपण होऊन कर्जावर सही केली.

आपल्या हक्काचे कायदे आधीपासून आहेत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली. 2005 साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेतही अल्प उत्पन्न गटासाठी घरात स्त्रीचे नाव असावे अशी अट होती. पण कायदा कागदावर असतो. त्या कागदावर आपले नाव आहे की नाही, हे आपणच वाचून पाहावे लागते.

सारे गोड झाले असे नाही. 2022 पासून व्याज वाढले आणि हप्ते लांबले. हे पहाटे 5 वाजून 20 मिनिटांनी निघतात, रात्री 9 ला येतात. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ते वाचून आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले. शंभर वर्षे ज्यांनी 160 चौरस फुटांत काढली, त्यांना ते मिळायलाच हवे होते. आपण मात्र वाट पाहू शकलो नाही, म्हणून साठ-सत्तर किलोमीटर दूर आलो.

माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाच्या वेळी वाण म्हणून डबे, वाट्या देतो, तशी यंदा प्रत्येकीला एक जाड कागदाची फाईल द्यावी. करार, शेअर सर्टिफिकेट, लाईट बिल, कर्जाचा तक्ता तीत एकत्र राहील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण गुरुवारी भजनानंतर वाचून दाखवू. माझी फाईल कोणीही येऊन पाहावी. तिसरा मजला आहे, जरा दम लागेल; चहा मिळेल.

लिहिण्यात चुकभूल झाली असेल तर भगिनींनी पदरात घ्यावी.